दसऱ्याआधी एक अर्ज

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. भावकीत वाद निघाला, बांधावरून कुरबुर झाली, की घरातलं एखादं वडीलधारं माणूस ती हमखास ऐकवतं. पण मैत्रिणींनो, मला नेहमी वाटतं, ज्यांच्याकडे सोडून द्यायला काहीतरी होतं त्यांनीच ही म्हण केली असावी. अर्धा एकर सोडून दिला तरी ज्याची चूल पेटते, त्याला कोर्ट टाळणं परवडतं. नवऱ्याने टाकलेल्या, दोन लेकरं पदरात असलेल्या, भावाच्या घरी भावजयीच्या नजरेखाली दिवस काढणाऱ्या बाईने शहाणपण दाखवून काय सोडून द्यायचं? पोटातली भाकरी?

आमच्या बीड जिल्ह्यात अशा बायका गावोगाव आहेत. 'टाकलेली', 'माहेरी बसलेली' असे शब्द त्यांच्यासाठी सहज वापरले जातात. अंबाजोगाईच्या शैलाताई लोहियांनी 'मनस्विनी'च्या माध्यमातून अशा बायकांसाठी कितीतरी वर्षं काम केलं. २०१३ साली त्या गेल्या, पण प्रश्न काही गेला नाही. मी स्वतः घरसंसार सांभाळून बचत गटांच्या बायकांमध्ये काम करते. शिक्षण बी.ए. मराठी. कायद्याची पदवी नाही. पण बायकांबरोबर तालुक्याच्या कोर्टात इतक्या चकरा झाल्या, की आता तिथला चहावालाही ओळखतो. तिथे जे पाहिलं, विचारून विचारून जे समजलं, ते आज तुमच्यापुढे मांडते आहे.

पहिला प्रश्न : किती लागतील?

कुठल्याही बाईशी पोटगीचा विषय काढला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, वकील किती घेईल?" नवऱ्याने का टाकलं, तिच्या बाजूने साक्ष कोण देईल, हे सगळं नंतर. आधी पैसा. आणि मी जेव्हा सांगते, "काहीच नाही, वकील सरकार देतं," तेव्हा ती माझ्याकडे अशी बघते, की जणू मी तिची चेष्टाच करते आहे.

पण हे खरं आहे. आपल्या राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने कलम ३९-अ आलं. गरिबी किंवा दुसऱ्या कुठल्या अडचणीमुळे कुणीही न्यायापासून वंचित राहू नये, म्हणून मोफत कायदेशीर मदत देणं हे सरकारचं काम आहे, असं त्यात म्हटलं आहे. त्यासाठी १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला. या कायद्याच्या कलम १२ मध्ये कुणाकुणाला मोफत वकील मिळेल त्याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग व्यक्ती, कामगार, कोठडीतली माणसं, वेठबिगारीचे बळी अशी ती यादी आहे. आणि त्यात सरळ लिहिलं आहे : स्त्री किंवा मूल.

गरीब स्त्री असं नाही, निराधार स्त्री असंही नाही, नुसतंच स्त्री. म्हणजे तुम्ही शेतमजूर असा नाहीतर मास्तरीणबाई, मोफत वकील मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. उत्पन्नाची अट बाईला लागू नाही. तहसीलच्या खिडकीपुढे दाखल्यासाठी रांग लावायची गरज नाही.

याच कलमात आणखी एक शब्द आहे, तो वाचला तेव्हा मी थबकलेच. ज्यांच्यावर स्वतःचा काही दोष नसताना हलाखीची वेळ आली आहे त्यांनाही मदत द्या, असं सांगताना कायद्याने पूर, भूकंप यांच्याबरोबर 'दुष्काळ' असं नाव घेऊन लिहिलं आहे. दुष्काळ म्हटलं की आपल्याला चारा छावणी आणि टँकर आठवतो. दुष्काळाने नाडलेल्या माणसाला वकीलसुद्धा मिळू शकतो, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

शिवाय आपल्या राज्यात १९९४ सालापासून पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या चार प्रकारच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. विधी सेवेतून मिळणाऱ्या मदतीत वकिलाच्या फीबरोबर टायपिंग, नकला, समन्स यांचा खर्चही येतो. तेव्हा "किती लागतील?" या प्रश्नाचं उत्तर आहे : एस.टी.चं तिकीट. तेही आता बायकांना अर्धंच आहे.

मग अडतं कुठे?

इतकं सगळं आहे, तर मग बायका पायरी का चढत नाहीत? भीती आहे, लाज आहे, 'लोक काय म्हणतील' आहे. पण आमच्या जिल्ह्यात यापेक्षा वेगळं एक कारण आहे. कोर्टाचं वर्ष आणि आमच्या बाईचं वर्ष जुळत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे. दसरा झाला, दिवाळी आली की गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची गाडी येते, त्यात भांडी-कुंडी, शेळी, लेकरं चढतात आणि टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सातारा-सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने मुक्काम फडाजवळच्या कोपीत. गावात मागे राहतात म्हातारी माणसं आणि काही लेकरं.

कोर्टाची तारीख मात्र डिसेंबरात पडते, फेब्रुवारीत पडते. पुकारा होतो आणि अर्जदार बाई तेव्हा दोनशे किलोमीटरवर उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढत असते. एक तारीख चुकते, दोन चुकतात. कधीकधी अर्जदार हजरच राहत नाही म्हणून अर्ज निकाली निघतो. गावात नाव होतं, "हिनंच केस सोडून दिली."

पाटोद्याकडच्या एका बाईचं उदाहरण सांगते. नाव-गाव सांगत नाही, तिची लेकरं शाळेत जातात. वय सत्तावीस-अठ्ठावीस. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा ऊसतोडीचा हिशोब असतो. नवऱ्याने दुसरी केली आणि त्या दोघांचा नवा कोयता धरला. ही राहिली अर्धा कोयता. अर्धा कोयता म्हणजे एकटं माणूस. ती भावाच्या टोळीबरोबर जायला लागली. मी तिला श्रावणात भेटले. म्हटलं, "चल, तालुक्याला जाऊ, पोटगीचा अर्ज करू."

ती म्हणाली, "ताई, आता खुरपणं हायेत. दिवाळीला कोयता लागंल. आल्यावर बघू."

आल्यावर पुढच्या वर्षीची उचल घ्यायची घाई. मग पेरणी. मग पुन्हा खुरपण, पुन्हा दसरा. असे तीन हंगाम गेले. तिचं काही चुकत होतं असं मला म्हणवत नाही. ज्या बाईचं पोट हातावर आहे, ती एक दिवसाची मजुरी बुडवून कोर्टात जाईल कशाला, तेही वर्षभराने काहीतरी मिळेल या आशेवर? पण या 'आल्यावर बघू'ची किंमत किती मोठी आहे, ते मात्र तिला कुणीतरी सांगायला हवं.

अर्जाची तारीख हीच खरी तारीख

२०२० च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीबद्दल एक महत्त्वाचा निकाल दिला. प्रकरण आपल्याच राज्यातलं, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं. पोटगी कधीपासून द्यायची, यावर तोवर देशभरात एकवाक्यता नव्हती. कुठे अर्जाच्या दिवसापासून, कुठे निकालाच्या दिवसापासून. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या कोर्टांसाठी सांगून टाकलं, की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासूनच द्यायची. कारण खटला लांबला तो काही बाईच्या हातात नसतो.

आता याचा अर्थ आपल्या भाषेत समजून घेऊ. समजा, महिना तीन हजार रुपये पोटगी ठरली. अर्ज करून निकालाला दोन वर्षं लागली, तरी त्या दोन वर्षांचे बहात्तर हजार तुमच्या नावावर चढत जातात. पण अर्जच केला नाही, तर मागच्या दहा वर्षांचा रुपयाही मिळत नाही. पाटोद्याकडच्या त्या बाईचे तीन हंगाम असेच गेले. निकाल कधी लागेल तो लागो, अर्ज आधी दाखल झाला पाहिजे. ऊस तोडायला जायच्या आधी, दसऱ्याच्या आधी. मीटर तिथून सुरू होतं.

काही बायका म्हणतात, "त्याच्याकडं हाय काय द्यायला? तो म्हणंल, मला कमाईच न्हाई." त्यालाही उत्तर आहे. त्याच निकालाप्रमाणे पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं. आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका प्रकरणात स्पष्ट म्हटलं, की धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना, पण बायको-लेकरांना पोसलंच पाहिजे. ऊसतोडीला जाणाऱ्या नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. बऱ्याचदा तिचा स्टॅम्पपेपरवर कागद असतो. तो कागद म्हणजे त्याच्या कमाईचा पुरावाच की! वकिलाला हे सांगा. शहरातल्या वकिलाला उचल म्हणजे काय, कोयता म्हणजे काय, हे माहीत असेलच असं नाही. ते तुम्हीच सांगायचं.

पोटगीचा कायदा म्हणजे पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तिथे हे कलम १४४ झालं. आकडा बदलला, हक्क तोच आहे. एके काळी या कलमाखाली जास्तीत जास्त पाचशे रुपयेच मिळायचे. २००१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा गेली. अंतरिम पोटगीचा अर्ज समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असंही कायदा सांगतो. तेव्हा मूळ अर्जाबरोबरच अंतरिम पोटगीचा अर्ज द्यायला वकिलाला आठवण करा.

आणि पोटगी मंजूर झाली पण नवरा देत नाही, तर गप्प बसू नका. थकलेली रक्कम, ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत मागावी लागते. इथेही हंगाम आडवा येतो. दोन हंगाम गेले की जुनी थकबाकी हातची जाते. दरवर्षी गावी परत आलं की एकदा वकिलाला भेटून "किती थकलं?" एवढं विचारायचंच.

फडात असताना काय करायचं?

अर्ज दाखल करताना वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा, "मी या महिन्यापासून त्या महिन्यापर्यंत ऊसतोडीला असते." मधल्या तारखांना वकील तुमच्या वतीने हजर राहू शकतो, गैरहजेरी माफ करावी असा अर्ज देऊ शकतो. तुमची स्वतःची साक्ष असते त्या दिवशी मात्र तुम्हालाच जावं लागतं. ती तारीख पट्टा पडल्यानंतरची द्यावी, अशी विनंती करता येते. तारीख देणं कोर्टाच्या हातात आहे, पण विनंती लेखी असली की ती नोंदली जाते. मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते, तेव्हा एप्रिल किंवा जून-जुलै धरून चाला. वकिलाचा फोन नंबर एकट्या मोबाइलमध्ये ठेवू नका, मोबाइल हरवतो. लेकराच्या वहीत लिहून ठेवा. आणि गावातल्या एका विश्वासाच्या माणसाला, अंगणवाडीताईला म्हणा, आशाताईला म्हणा, केसचा नंबर देऊन ठेवा.

मारहाण फडावर झाली तर? नवरा दारू पिऊन कोपीत मारतो, गाव लांब, माहेर लांब. अशा वेळी 'गावी गेल्यावर बघू' म्हणायचं कारण नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात बाई तात्पुरती जिथे राहते आहे, तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या फडावरून तिथल्याच तालुक्याला. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवावी असं कायद्यात आहे. आणि तुम्ही पोलिसांकडे गेलात किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलात, तर 'तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो' हे तुम्हाला सांगणं त्यांचं कामच आहे. कायद्याच्या कलम ५ मध्ये तसं लिहिलं आहे. त्यांनी नाही सांगितलं तर तुम्ही त्यांना आठवण करून द्या.

दुसरं एक दुखणं आहे ते उचलीचं. फडावर किंवा गावी नवरा दगावतो आणि तेराव्याच्या आधीच मुकादम दारात येतो. "उचल फिटली नाही, तू ये नाहीतर पोरगा पाठव." हे चालत नाही. मेलेल्या माणसाचं देणं त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच वसूल करता येतं, बायकोच्या अंगमेहनतीतून नाही. कर्जाच्या बदल्यात माणसाला कामाला जुंपणं म्हणजे वेठबिगारी. ती १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे आणि तो गुन्हा आहे. अशा प्रकरणातही मोफत वकील मिळतो.

कागद जपा

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला. नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. आकडे वाचून आपण हळहळलो. पण एखादीला वाटलं, 'माझं ऑपरेशन गरज नसताना केलं, दाद मागावी,' तर वकील पहिला प्रश्न काय विचारेल? "डिस्चार्ज कार्ड आहे का? सोनोग्राफीचा रिपोर्ट? बिल?" आमच्या बायका हे कागद चुलीला लावतात, नाहीतर कोपीच्या पावसात भिजवतात. दोष त्यांचा नाही. ज्या घराला सहा महिने भिंतच नसते, तिथे कागद कुठे ठेवायचा?

म्हणून आमच्या गटात आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. प्रत्येकीची एक प्लॅस्टिकची पिशवी. त्यात आधार, रेशनकार्ड, लग्नपत्रिका किंवा लग्नातला फोटो, लेकरांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद आणि असेल तर ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र. मूळ कागद घरी म्हातारीच्या पेटीत आणि झेरॉक्स आपल्याबरोबर. लग्नपत्रिकेला आपण किंमत देत नाही, पण 'ही माझी बायकोच नाही' असं नवरा कोर्टात म्हणाला, तर तीच पत्रिका उभी राहते.

मदत आहे, पण तीही जागेवर आणावी लागते

सगळं गोडगोड सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. मोफत वकील म्हणजे कधीकधी मन नसलेला वकीलही भेटतो. एका तालुक्याच्या ठिकाणी नेमून दिलेल्या वकिलाने बाईकडे 'कागदाचा खर्च' म्हणून पाचशे रुपये मागितले. बाईने दिले, वर "साहेबांनी केस घेतली हेच उपकार" म्हणाली. उपकार नव्हेत ते. या वकिलांना सरकार मानधन देतं आणि त्यांनी पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, असा नियम आहे. कुणी मागितले तर विधी सेवा कार्यालयाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. वकील लक्ष देत नसेल, तर बदलून मागता येतो. त्या बाईने आमच्या सांगण्यावरून अर्ज दिला, वकील बदलून मिळाला. अर्ज दोन ओळींचाच होता.

लोकअदालतीबद्दलही थोडं. लोकअदालत चांगली आहे. वाद मिटतो, भरलेली कोर्ट फी परत मिळते, हेलपाटे वाचतात. पण तिथला निकाल शेवटचा असतो, त्यावर अपील नाही. आणि ती तडजोड आहे, हुकूम नाही. तुमची संमती नसेल तर कुणीही तुम्हाला सही करायला लावू शकत नाही. "घे वीस हजार आणि मिटव" असं चारचौघं म्हणायला लागले, तर "मला विचार करायला वेळ द्या" म्हणा. प्रकरण जसंच्या तसं कोर्टात परत जातं, बुडत नाही. वाचता येत नसेल तर कागद दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा नाही, हे गाठीला बांधून ठेवा.

एखाद्या मावशीचा मुलगा भांडणात अटक झाला असेल, तर त्यालाही वकील मिळतो. २०२२ च्या योजनेनुसार जिल्ह्याजिल्ह्यात 'लोक अभिरक्षक' कार्यालयं सुरू झाली आहेत. तिथे आरोपींसाठी पूर्णवेळ वकील असतात. त्यासाठी सावकाराकडे मंगळसूत्र ठेवायची गरज नाही.

एका पत्राची गोष्ट

'आपल्यासारख्या बाईच्या अर्जाने काय होणार?' असं वाटतं ना? मग ही गोष्ट ऐका. मुंबईतल्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगात जाऊन पंधरा स्त्री कैद्यांशी बोलणं केलं. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. १९८३ च्या फेब्रुवारीत आदेश आला. त्यात सांगितलं, की स्त्रियांची कोठडी वेगळी असावी, तिथे महिला शिपाई असाव्यात, स्त्रीची चौकशी महिला पोलिसांच्या समोरच व्हावी आणि अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला लगेच कळवावं. आज ठाण्यात महिला पोलीस आपल्याला नेहमीच्या वाटतात. त्यामागे त्या पाच जणींचं बोलणं आहे आणि ते कागदावर उतरवणारी एक बाई आहे.

शिबिर कधी घ्यायचं?

आता एक विनंती, अधिकाऱ्यांनाही आणि आपल्यासारख्या गावात काम करणाऱ्या बायकांनाही. दरवर्षी ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन असतो. त्या सुमारास ठिकठिकाणी कायदेविषयक शिबिरं होतात. चांगलं आहे. पण आमच्याकडे त्या दिवसांत ज्या बाईला या माहितीची सगळ्यात जास्त गरज आहे, ती फडाच्या वाटेवर असते. समोर बसतात शाळेची मुलं आणि पारावरची म्हातारी माणसं. बीड जिल्ह्यापुरतं तरी मोठं शिबिर आषाढ-श्रावणात घ्यावं. आठवडी बाजाराच्या दिवशी घ्यावं. आणि नुसतं भाषण नको. तिथेच टेबल टाकून अर्ज लिहून घ्यावेत, पोच द्यावी. दसऱ्याआधी ते अर्ज कोर्टात दाखल व्हावेत.

आपणही काही करू शकतो. विधी सेवा प्राधिकरण गावातल्याच माणसांना विधी स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षण देतं. त्याला वकिलीची पदवी लागत नाही. अंगणवाडीताई, शिक्षिका, शिकलेली सून, बचत गटाची अध्यक्ष, कुणीही अर्ज करू शकते. गावात अशी एक जरी असली, तरी "आल्यावर बघू" म्हणणाऱ्या बाईला ती म्हणू शकते, "तू जा. मी तारखेवर लक्ष ठेवते."

हे कापून ठेवा

- मोफत वकिलासाठी तालुक्याच्या कोर्टात 'तालुका विधी सेवा समिती' आणि बीडला जिल्हा न्यायालयात 'जिल्हा विधी सेवा प्राधिकरण' इथे अर्ज करायचा. साध्या कागदावरही चालतो. लिहिता येत नसेल तर तिथली माणसं लिहून देतात.
- फोन नंबर १५१००. देशात कुठूनही लागतो, फडावरूनही. अडचणीत असलेल्या महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२.
- बाईला उत्पन्नाची अट नाही. दाखला मागितला तर "कलम १२ प्रमाणे मी स्त्री आहे" एवढं म्हणा.
- अर्जाची पोच घ्या. त्यावर शिक्का आणि तारीख बघा. वकील द्यायचा की नाही, हे सात दिवसांच्या आत ठरवायचं असतं.
- वकिलाला पैसे द्यायचे नाहीत. मागितले तर लेखी तक्रार, नाहीतर वकील बदलून घ्या.
- हंगामाला जाण्याआधी अर्ज दाखल करा आणि परतल्यावर आठवड्याच्या आत वकिलाला भेटा.

पाटोद्याकडची ती बाई चौथ्या वर्षी भाद्रपदात माझ्याबरोबर आली. अर्ज दाखल झाला, अंतरिम पोटगी मंजूर झाली, मूळ केस अजून चालू आहे. रक्कम फार नाही. नवरा एक महिना देतो, दोन महिने चुकवतो. पण यंदा तिने मुकादमाकडून उचल कमी घेतली. म्हणाली, "तेवढंच फिटायला सोपं." उचल कमी म्हणजे पुढच्या वर्षी फडात जायची सक्ती थोडी कमी. कोर्टाने तिला एवढं दिलं, आणि ती पायरी चढली म्हणून ते मिळालं.

दसरा जवळ आला की आपण घर झाडून-पुसून घेतो, शस्त्रं पुजतो, कोयत्याला धार लावतो. त्याच आठवड्यात तुमच्या गल्लीतली जी कुणी 'बसलेली' आहे, तिच्याकडे जा. तिला घेऊन तालुक्याला जा आणि अर्ज देऊन या. सोन्याची पानं त्यानंतर वाटू.